टोल ‘वसूल’ झाला म्हणजे नेमकं काय? करारातली एक व्याख्या

नमस्कार. टोलवर काहीही बोललं की खाली एक कॉमेंट ठरलेली: “रस्त्याचा खर्च कधीच वसूल झालाय, मग टोल कसला?” राग समजू शकतो, पण प्रश्न उलट्या टोकाने धरलाय. वसूल झाला की नाही, हे करारात ‘खर्च’ या शब्दाची व्याख्या काय केली आहे त्यावर ठरतं. आज फक्त ती व्याख्या बघू, दिल्ली-नोएडा जोडणाऱ्या डीएनडी मार्गाच्या करारातली.

असे टोल रस्ते बीओटी (बांधा, वापरा, हस्तांतरित करा) पद्धतीचे. म्हणजे कंपनी बांधणार, ठरलेला काळ टोल घेणार, मग रस्ता सरकारी यंत्रणेला परत देणार. हे सगळ्यांना माहीत आहे, पुढे जाऊ.

डीएनडीचा करार 12 नोव्हेंबर 1997 चा, एका बाजूला नोएडा प्राधिकरण ही त्या शहराची सरकारी विकास संस्था, दुसऱ्या बाजूला टोल कंपनी. रस्ता 2001 मध्ये सुरू झाला, खर्च सुमारे 408 कोटी रुपये. मुदत म्हणायला 30 वर्षं. पण एकूण खर्चावर दरवर्षी 20 टक्के परतावा मिळालाच पाहिजे, आणि कमी पडला तर ती तूट एकूण खर्चातच मिळवायची. सगळी मेख इथे आहे.

[स्क्रीनवर आकडेमोड. आकडे समजण्यापुरते, डीएनडीचे नाहीत.]

समजा खर्च 100 कोटी. 20 टक्के म्हणजे 20 कोटी हवेत. देखभाल वजा जाता हाती आले 12. तूट 8, म्हणून ‘खर्च’ झाला 108. दुसऱ्या वर्षी हवेत 21.6, आले 14. तूट 7.6, खर्च 115.6. तिसऱ्या वर्षी हवेत 23.12, आले 16. खर्च 122.72. बघा, उत्पन्न 12 वरून 16 वर गेलं, तरी वसूल करायची रक्कम वाढतेच आहे. रस्त्यावर मात्र एकही नवी वीट बसलेली नाही!

तेच आता कंपनीच्या खुर्चीत बसून बघा. रोजचा खर्च वाढला की हाती कमी उरतं, तूट वाढते आणि त्या तुटीवरही 20 टक्के मिळतात. मोठ्या दुरुस्तीचा खर्च तर थेट मूळ रकमेत जातो. मग काटकसर कोण करेल, आणि कशाला?

आणि तिसऱ्यांदा, मुदतीच्या बाजूने. पैसे वसूल होईपर्यंत मुदत वाढणार असेल, तर 30 हा आकडा फक्त कागदावर. काहीच वसूल झालं नाही तर 20 टक्क्यांनी कोणतीही रक्कम 10 वर्षांत सहापटीच्या वर जाते. “कंपनी तोट्यात आहे” आणि “कंपनीला भरपूर मिळालं” ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी ठरतात, ती अशी.

तुलनेला राष्ट्रीय महामार्गांचा जुना बीओटी नमुना करार घ्या. तिथेही वाहतूक अपेक्षेपेक्षा कमी भरली तर मुदत वाढते: दर 1 टक्का तुटीला 1.5 टक्के मुदत. पण वाढीला 20 टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. म्हणजे 20 वर्षांचा करार जास्तीत जास्त 24 वर्षांचा होईल. आणि वाहतूक जास्त निघाली तर मुदत घटते, दर 1 टक्क्याला 0.75 टक्के, 10 टक्क्यांपर्यंत. डीएनडीत असं कुलूपच नव्हतं.

आता कॉमेंटमधला एक चांगला प्रश्न: “करारात लवाद असताना डीएनडीचा टोल हायकोर्टात कसा गेला?” लवाद म्हणजे कोर्टाऐवजी पंचांकडून वाद सोडवणं, आणि तो करारावर सह्या करणाऱ्यांसाठी असतो. टोलला विरोध करणाऱ्या नोएडातल्या रहिवासी संघटनेची सही कुठेच नव्हती. त्यांनी 2012 मध्ये जनहित याचिका केली. अलाहाबाद उच्च न्यायालयाने 26 ऑक्टोबर 2016 रोजी टोल थांबवला आणि 20 डिसेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. फक्त सूत्र अन्यायकारक होतं म्हणून नव्हे. कंपनीची निवड निविदेशिवाय झाली होती, आणि टोल आकारण्याचा अधिकार नोएडा प्राधिकरणाने कंपनीला ज्या प्रकारे बहाल केला, तो त्याच्या अधिकाराबाहेरचा ठरला.

गुंतवणूकदारांनो, इथे लक्ष द्या. अशा कंपनीचे शेअर किंवा रोखे घेताना बहुतेक जण वाहतुकीचे अंदाज आणि पतमानांकन वाचतात. त्याआधी तीन कागद मागा: टोल लावण्याचा अधिकार देणारं कायद्यातलं कलम आणि त्याखालची अधिसूचना, निविदेची कागदपत्रं, आणि कराराचं ते परिशिष्ट जिथे परताव्याचं सूत्र आहे. सूत्र बहुतेक वेळा शेवटच्या पानांत असतं, मुख्य करारात फक्त “परिशिष्टाप्रमाणे” एवढंच. त्यात ‘तूट’ हा शब्द शोधा आणि ती कुठे जाऊन मिळते ते बघा. मूळ रकमेत मिळत असेल आणि कमाल मर्यादा नसेल, तर तुमच्या हिशेबाच्या तक्त्यातला ‘वसुलीचं वर्ष’ हा रकाना रिकामाच ठेवा.