काटा खालीच राहतो तेव्हा

(दृश्य: पहाट. धावत्या गाडीचा डॅशबोर्ड. तापमानाचा काटा तळाच्या खुणेपासून जेमतेम वर.)

गाडी निघून वीस मिनिटं झालीत. रस्ता मोकळा आहे, वेग ताशी ८० किलोमीटरच्या आसपास. एव्हाना हा काटा मधोमध येऊन स्थिर व्हायला हवा होता. तो अजून खालीच आहे.

गाडी गरम झाली की आपली धावपळ होते. काटा लाल पट्ट्याकडे सरकला की गाडी बाजूला घेतो, बॉनेट उघडतो, मदतीला फोन लावतो. काटा खाली राहिला तर मात्र कुणी काहीच करत नाही. उलट बरं वाटतं, इंजिन थंड आहे म्हणजे सुखात आहे. मीही वर्षभर हेच समजून चाललो. गाडी जुनी घेतलेली होती. हीटर कोमट हवा फेकायचा, अ‍ॅव्हरेज कमी पडायचं. दोन्हीचा दोष मी गाडीच्या वयाला दिला होता.

(दृश्य: ऑइल भरायच्या तोंडाचं झाकण. आतल्या बाजूला फिकट पिवळा थर. एक बोट तो पुसून घेतं.)

मग एका सकाळी ऑइल तपासताना हे झाकण काढलं. आत सायीसारखा थर जमलेला. हा थर म्हणजे ऑइलमध्ये घुसळलं गेलेलं पाणी. असं काही दिसलं की पहिला संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाखालच्या, पाणी ऑइलमध्ये येऊ न देणाऱ्या सीलवर जातो, आणि जायलाच हवा. पण डिपस्टिकवरचं, म्हणजे पातळी मोजायच्या पट्टीवरचं, ऑइल स्वच्छ होतं. कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, पातळी महिनोन्महिने तसूभरही हलली नव्हती, त्यावर तेलाचा तवंगही नव्हता. मग हे पाणी आलं कुठून?

ते पेट्रोलमधूनच आलं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. त्यातलं बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरवाटे निघून जातं. थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरते. इंजिन नीट तापलेलं असेल तर तिथून ती व्हेंटिलेशनच्या पाइपातून बाहेर ओढली जाते. इंजिन थंड असेल तर तिथेच गार होते, थेंब होतात, आणि ते ऑइलमध्ये मिसळतात. सोबत न जळलेलं पेट्रोलही सिलिंडरच्या भिंतीवरून झिरपत येतं आणि ऑइल पातळ करतं. ज्याच्या जिवावर सगळी बेअरिंगं फिरतात ते ऑइल असं दोन्ही बाजूंनी बिघडतं. आवाज नाही, धूर नाही. म्हणून मला गरम होणाऱ्या गाडीइतकीच ही थंड राहणारी गाडी काळजीची वाटते.

संगणकावर चालणाऱ्या गाडीत आणखी एक भानगड होते. कूलंट थंड दिसलं की संगणक समजतो, गाडी आत्ताच सुरू झाली आहे. म्हणून तो इंधन जास्त सोडत राहतो. मायलेज पडतं, प्लगवर काजळी धरते, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर ताण येतो. डिझेल गाडीत काजळीचा फिल्टर जाळून साफ करायचं काम पुरेशा तापमानाशिवाय सुरूच होत नाही, आणि फिल्टर तुंबत जातो.

(दृश्य: टेबलावर नवा थर्मोस्टॅट. कॅमेरा त्याच्या पितळी बोंडाजवळ जातो.)

इंजिनचं तापमान राखण्याची जबाबदारी या मुठीत मावणाऱ्या वस्तूवर असते. थर्मोस्टॅट. या पितळी बोंडात मेण भरलेलं असतं, उष्णता पटकन पसरावी म्हणून त्यात तांब्याची पूड मिसळलेली. मेण वितळताना फुगतं, मधली पिन ढकलतं, आणि स्प्रिंगचा जोर मोडून झडप उघडते. बॅटरी नाही, वायर नाही. १९३०च्या दशकात सर्जियस व्हर्नेट यांनी ही मेणाची युक्ती गाड्यांसाठी साधली, आणि आजही बहुतेक इंजिनांत तीच आहे.

झडप बंद असताना कूलंट इंजिनमध्ये आणि हीटरमध्येच फिरतं. ते ठरलेल्या अंशावर पोचलं की झडप उघडायला लागते आणि कूलंट रेडिएटरकडे निघतं. तो अंश थर्मोस्टॅटवर कोरलेला असतो. ८२ किंवा ८८ हे आकडे नेहमीचे. पूर्ण उघडायला त्यावर आणखी दहा-पंधरा अंश लागतात. झडप सतत थोडी उघडत, थोडी मिटत राहते, म्हणून काटा मधोमध दिसतो. हीच झडप उघडी अडकली, तर पहिल्या मिनिटापासून सगळं कूलंट रेडिएटरमधून गार होऊन परत येतं.

काटा खाली राहण्यामागे सर्वांत जास्त वेळा हेच कारण निघतं. तरीही पहिला पाना थर्मोस्टॅटच्या बोल्टला लावायचा नाही.

(दृश्य: बंद, गार इंजिन. कूलंटची टाकी. मिन आणि मॅक्सच्या खुणा.)

आधी कूलंट बघायचं. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, गार असताना. गरम गाडीचं रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आत दाब असतो, उकळतं पाणी तोंडावर येतं.

थंडीच्या तक्रारीत पातळीचा काय संबंध, असं वाटेल. संबंध आहे, आणि तो धोक्याचा आहे. तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो. पातळी इतकी उतरली की सेन्सर उघडा पडतो, आणि हवेत लोंबकळणारा सेन्सर खरं तापमान सांगू शकत नाही. काटा खाली, हीटर गार, आणि आत इंजिनचा वरचा भाग, हेड, तापून वाकायच्या बेतात, असंही होतं. या एका शक्यतेसाठी मी प्रत्येकाला सांगतो, काटा खाली दिसला तर पहिलं काम टाकीत डोकावणं.

कूलंट भरलेलं असेल तर पुढचा प्रश्न, इंजिन खरंच थंड आहे का, की काटाच चुकीचा आहे? सकाळी गाडी सुरू करण्याआधी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारं यंत्र, लावा. रात्रभर उभ्या गाडीचं कूलंट आणि बाहेरची हवा यांचे आकडे जवळपास सारखे हवेत. कूलंट उणे ४० दाखवत असेल, तर सेन्सरचं कनेक्शन सुटलंय किंवा वायर तुटली आहे. बऱ्याच गाड्यांत अशा वेळी संगणक सावधगिरी म्हणून रेडिएटरचा फॅन सतत चालू ठेवतो. स्कॅनरवर ८८-९० अंश आणि काटा मात्र तळाला, असं असेल तर बिघाड मीटरचा किंवा त्याच्या वायरिंगचा. इंजिनला हात लावायची गरज नाही.

फॅनवरून आठवलं. फॅन बंदच होत नाही म्हणून गाडी थंड राहते, असं बरेच जण ठामपणे सांगतात. थर्मोस्टॅट धड असेल तर फॅनने फारसं बिघडत नाही, कारण रेडिएटर कितीही गार झाला तरी त्याची वाट झडपेने बंद ठेवलेली असते. एसी बंद असताना गार इंजिनवरही फॅन घोंघावत असेल तर रिले किंवा सेन्सर तपासायचा, हे खरं. पण धावत्या गाडीत काटा उतरतो त्याचा ठपका एकट्या फॅनवर ठेवता येत नाही.

(दृश्य: स्कॅनरचा पडदा. आकडे बदलताना. मागे रस्ता सरकतोय.)

माझ्या गाडीचं वागणं बघा. सिग्नलला, गर्दीत, आकडा ७५ ते ८० पर्यंत चढायचा. मोकळ्या रस्त्यावर वेग घेतला की उतरू लागायचा, ७०, ६५, ६०. वेगाबरोबर उतरणं आणि गर्दीत चढणं ही उघड्या वाटेची खूण. अनेक गाड्यांत हे संगणकाच्याही ध्यानात येतं, इंजिनचा दिवा लागतो आणि पी-०१२८ हा कोड मिळतो. कूलंट ठरलेल्या तापमानापर्यंत पोचत नाही, असा त्याचा अर्थ. सगळ्याच गाड्या अशी तक्रार करत नाहीत. माझ्या गाडीने केली नाही.

सगळीकडे हा नियम लावूही नका. चांगलं डिझेल इंजिन कडाक्याच्या थंडीत, हीटर पूर्ण सोडून, नुसतं उभ्या उभ्या चालवलं तर थोडं गार पडतंच, ते आजारी नसतं. रोज दोन किलोमीटर जाऊन बंद होणारी गाडीही कधी पुरती तापत नाही. तिला अधूनमधून लांब फेरी लागते.

(दृश्य: वरच्या जाड रबरी पाइपावर ठेवलेला हात.)

आता पाइप. गार इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या पाइपावर हात ठेवायचा. फॅन आणि बेल्टपासून बोटं लांब. पाइप बराच वेळ गार राहायला हवा, आणि झडप उघडली की अचानक गरम व्हायला हवा. माझा पाइप पहिल्या दोन-तीन मिनिटांतच इंजिनच्या बरोबरीने कोमट होऊ लागला. काही इंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या पाइपाच्या बाजूला असतो. तिथे वरचा पाइप काही सांगत नाही, खालचा बघावा लागतो.

एवढं झाल्यावरच, इंजिन गार करून, कूलंट भांड्यात काढून, मी थर्मोस्टॅटच्या घराचे दोन बोल्ट सोडले.

(दृश्य: उघडलेलं घर. आत काहीच नाही. कॅमेरा थोडा वेळ तिथेच थांबतो.)

आत थर्मोस्टॅट नव्हताच. जिथे तो बसतो ती कड मोकळी, आणि कडेवर गंजाचा एकसारखा थर. म्हणजे कित्येक वर्षांपूर्वी कुणीतरी तो काढून टाकला होता.

गाडी गरम होते? थर्मोस्टॅट काढून टाका. हा सल्ला फार जुना आहे, आणि मला त्याचा मनापासून राग येतो. तो मूळ दुखणं झाकतो. तुंबलेला रेडिएटर, मंद पडलेला वॉटर पंप तसाच राहतो. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅटला खाली दुसरी चकती असते. मुख्य झडप उघडताना ती बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंद करते. असा थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा उघडा राहतो, बरंच कूलंट रेडिएटरला वळसा घालून तसंच इंजिनमध्ये परत येतं, आणि चढावर हीच गाडी उकळते.

(दृश्य: पातेलं, वाफ, थर्मामीटर. दोऱ्याला लटकलेला थर्मोस्टॅट.)

नवा आणला तरी तपासूनच बसवायचा. आधी उजेडासमोर धरा, कडेने प्रकाशाची रेघ दिसता कामा नये. मग झडपेच्या फटीत दोरा चिमटून थर्मोस्टॅट पाण्यात लटकवा. तळाला टेकू देऊ नका, तळ पाण्याहून जास्त तापलेला असतो. पाणी हळूहळू तापवा. ७० अंश. ८०. दोरा घट्ट आहे. ८७ ला थर्मोस्टॅट किंचित हलला, आणि ८८ च्या पुढे जाताच दोऱ्यातून सुटून टप्पकन खाली पडला. झडप उघडली.

बसवताना मेणाचं बोंड इंजिनच्या बाजूला. छोटी हलती पिन असेल तर ती वर, तिच्यातून अडकलेली हवा निसटते. गॅस्केट नवं. थर्मोस्टॅट कंपनीने सांगितलेल्या अंशाचाच, कमी अंशाचा 'थंड' थर्मोस्टॅट नको. मग कूलंट भरून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, हवेचे बुडबुडे थांबेपर्यंत धीर धरायचा. ऑइल आणि फिल्टरही मी त्याच दिवशी बदलले. पाणी आणि पेट्रोल मिसळलेलं जुनं ऑइल ठेवण्यात अर्थ नव्हता.

(दृश्य: दुसरी सकाळ. स्कॅनर. बॉनेट उघडं, पाइपावर हात.)

१९ अंश. ४०. ६५. पाइप अजून गार. ८०, तरी गार. ८९ ला आकडा क्षणभर थबकला, दोन अंश उतरला, आणि हाताखालचा पाइप एकदम तापला. मी हात काढून घेतला. आत जाऊन बसलो. हीटरमधून पहिल्यांदाच खरी गरम हवा येत होती, आणि काटा मधोमध होता.