खाली काहीच नव्हतं

उथळ समुद्रात पहिली बुडी मारून वर आल्यावर तुमच्यापैकी अनेक जण म्हणाले असतील, "खाली काहीच नव्हतं." मीही हेच म्हणाले होते. चार मीटर पाणी, तळाशी एक मोठा खडक, एका बाजूला वाळू, दुसऱ्या बाजूला समुद्रगवत. अर्धा तास मी त्या खडकाभोवती फिन्स, म्हणजे पायात घालायचे पोहण्याचे पंख, मारत फिरले. दिसले ते चार-दोन पट्टेरी मासे, तेही पाठमोरे. माझ्याबरोबर जे जाणते डायव्हर होते, ते मात्र त्या खडकापासून हलले नव्हते. वर आल्यावर त्यांनी हातातली पाटी माझ्यापुढे धरली. पाटीवर वीसहून जास्त जातींची नावं होती. आम्ही दोघं एकाच वेळी, एकाच पाण्यात होतो.

त्या पाटीने मला जे शिकवलं, तेच आज तुम्हाला सांगायचं आहे. मासा शोधायला माशामागे जायचं नसतं. जागा ओळखायची, तिथे जाऊन थांबायचं आणि मासा परत येईपर्यंत धीर धरायचा. "परत येईपर्यंत" हे शब्द मी मुद्दाम वापरते, कारण तुम्ही पोचायच्या आधी तो तिथेच होता. तुम्हाला तो दिसण्याआधी त्याला तुमची चाहूल लागलेली असते. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1500 मीटर वेगाने जातो, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त. तुमच्या रेग्युलेटरचा, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडात देणाऱ्या यंत्राचा सुस्कारा, बुडबुड्यांचा खळखळाट, सिलिंडरवर आपटणारी पट्ट्याची कडी, हे सगळं त्याला ऐकू येतं. शिवाय माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंनी पार्श्वरेषा, म्हणजे पाण्याची हालचाल जाणणारी एक रेघ असते. तिच्यामुळे जवळच्या पाण्यातली बारीकशी हालचालही त्याला कळते. तुम्ही फिन मारलीत की तो धक्का त्याच्या अंगापर्यंत पोचलाच. म्हणून उथळ पाण्यात, जिथे श्वास रोखून किंवा स्नॉर्केल लावून भागतं, तिथे सिलिंडरवाल्यापेक्षा स्नॉर्केलवाल्याला मासे जवळून दिसतात, असा माझा अनुभव आहे.

मासे मोजणाऱ्या शास्त्रज्ञांनाही हीच अडचण होती. 1954 साली व्हर्नन ब्रॉक यांनी हवाईमध्ये ठराविक लांबीच्या रेषेवरून पोहत जात दोन्ही बाजूंचे मासे मोजण्याची पद्धत मांडली. आजही ती जगभर वापरतात. पण मला त्याहून जवळची वाटते ती 1986 मध्ये जेम्स बोनसॅक आणि स्कॉट बॅनरॉट यांनी मांडलेली पद्धत. एका जागी थांबायचं, भोवती साडेसात मीटर त्रिज्येचं वर्तुळ मनाशी धरायचं, आणि जागच्या जागी वळत पाच मिनिटं त्या वर्तुळात दिसेल त्या प्रत्येक जातीचं नाव लिहायचं. संख्या नंतर मोजायची. तुम्ही मोजणी करणार नसलात, तरी पुढच्या बुडीत ही पाच मिनिटं नक्की द्या. पहिल्या मिनिटाला पाणी रिकामं वाटतं. मग कपारीतून एक तोंड बाहेर येतं. मग लहान मासे पुन्हा खाणं टिपायला लागतात, आणि त्यांना निर्धास्त पाहून मोठेही हळूहळू सरकतात.

आता थांबायचं कुठे? माझं उत्तर एकच आहे: कडेला. खडक संपून वाळू सुरू होते ती कड, समुद्रगवत आणि मोकळ्या वाळूमधली कड, सावली आणि उन्हामधली कड, धक्क्याच्या खांबांची रांग. नुसत्या सपाट वाळवंटासारख्या तळावर माशाला लपायला जागा नसते, आणि दाट गवताच्या आत त्याला पुरेसं दिसत नाही. कडेवर खाणंही असतं आणि दोन हातांवर आसराही असतो. तिथे आधी माशाकडे पाहू नका, खुणांकडे पाहा. बिळाच्या तोंडाशी ताजी उकरलेली वाळू, शिंपल्यांच्या तुकड्यांचा ढीग, वाळूत पाकटाने पोट टेकवून केलेली उथळ बशी. मोकळ्या तळावर एकच धोंडा पडलेला असेल तर मी तो कधीही ओलांडून जात नाही. आजूबाजूच्या सगळ्या भूभागाला तेवढा एकच आसरा असतो.

उष्ण समुद्रांच्या वाळूत एक जोडी हमखास पाहण्यासारखी असते. कोळंबीच्या जातीचा एक छोटा जीव बीळ खणत असतो आणि त्याच्या दाराशी बोटाएवढा गोबी मासा पहारा देतो. कोळंबीला जेमतेम दिसतं, म्हणून तिची एक मिशी कायम माशाच्या अंगाला टेकलेली असते. धोका दिसला की मासा शेपटी थरथरवतो आणि ती आत जाते. धोका आणखी जवळ आला की तोही जातो. तुम्ही दोन मीटरवर तळाशी स्थिर राहिलात, तर हे सगळं नाटक तुमच्यासमोर घडतं. एक मीटर पुढे सरकलात की फक्त भोक उरतं. मी याच जोडीसमोर थांबायला शिकले.

प्रवाहाचं थोडं बोलू. ओढ असेल तेव्हा बहुतेक मासे तोंड प्रवाहाकडे करून उभे असतात, कारण खाणं तिकडूनच वाहत येतं. प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव टिपणारे थवे खडकाच्या त्या बाजूला जमतात जिथे प्रवाह येऊन आदळतो. आडोशाच्या बाजूला विसावा घेणारे सापडतात. त्यामुळे प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने सावकाश पुढे सरका. तुम्ही माशांच्या मागच्या अंगाने पोचता आणि तुमच्या फिन्सनी उडालेला गाळ तुमच्या मागे वाहून जातो. परतताना दमलेले असता, तेव्हा प्रवाह साथीला असतो, हा फायदा वेगळाच.

जागा नीट सापडली तरी डोळ्यांना शिकवावं लागतं. सपाट काचेच्या मास्कमधून वस्तू खऱ्या अंतराच्या तीन चतुर्थांशावर दिसते. चार मीटरवरचा मासा तीन मीटरवर आणि जास्त मोठा वाटतो. लाल रंग पहिल्या काही मीटरमध्येच विरायला लागतो, म्हणून अंगावर लाल असलेला मासा थोड्या खोलीवर काळपट दगडासारखा दिसतो. भर दिवसा उथळ पाण्यातही मी छोटी टॉर्च नेते ती यासाठी. कपारीत प्रकाश पडला की तो दगड एकदम शेंदरी होतो. अख्ख्या माशाची आकृती शोधू नका, ती लपवण्यासाठीच त्याचं अंग घडलेलं असतं. पाठ गडद आणि पोट फिकट, म्हणजे वरून पडणारा उजेड आणि खालची सावली एकमेकांना पुसून टाकतात. त्यापेक्षा डोळा शोधा. वाळूत रुतलेल्या लेप्याचे, त्या चपट्या माशाचे, दोन उंचवटे दिसतात, ते त्याचे डोळे. कल्ल्यांची उघडझाप शोधा, श्वास कुणालाच लपवता येत नाही. आणि डुलणं पाहा. लाटांच्या हेलकाव्याने सगळं गवत एकाच तालावर झुकतं. त्यात एखादी काडी ताल चुकवून जागीच राहिली, तर तो बहुधा स्वतःला सावरून धरणारा मासा असतो. मधूनमधून मान वर करा. उजळ पृष्ठभागाखाली बोय आणि सुईसारखे लांब मासे काळ्या रेघांसारखे उमटतात, आणि तळाकडे डोळे लावलेल्या माणसाच्या डोक्यावरून निघून जातात.

इथे एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. जो मासा दगडासारखा दिसतो, त्याला माणूस दगड समजूनच हात टेकवतो. स्टोनफिशच्या पाठीवर तेरा विषारी काटे असतात. म्हणून तळाला हात लावायचा नाही, कपारीत बोट घालायचं नाही, आणि कमरेएवढ्या पाण्यातून वाळूवर चालताना पाय उचलून न टाकता घासत न्यायचे, म्हणजे पाकट आधीच सरकतं. श्वास रोखून बुडी मारणाऱ्यांनी खाली जाण्याआधी भराभर खोल श्वास घेऊ नयेत. त्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, फक्त श्वास घ्यावासा वाटण्याची जाणीव उशिरा होते आणि माणूस वर येता येता बेशुद्ध पडतो. चार मीटर पाण्यातही माणसं अशी गेली आहेत. एक खाली असताना दुसऱ्याने वरून त्याच्यावर नजर ठेवायचीच.

मघाशी कुणीतरी विचारलं, पाणी गढूळ असेल तर काय करायचं? बरेच जण अशा दिवशी बुडी रद्द करतात. ओढ जोराची असेल किंवा लाटा आपटत असतील तर मीही करते. पण पाणी शांत आणि नुसतं धुरकट असेल, तर मी आपलं वर्तुळ लहान करते. साडेसात मीटरचं नव्हे, हाताच्या लांबीचं. सोबत्याला दोन हातांच्या आत ठेवते, एक धोंडा निवडते आणि टॉर्च समोरून न धरता बाजूने, तिरपी धरते, म्हणजे तरंगणारा गाळ चकाकून डोळ्यांवर येत नाही. भरती पूर्ण होऊन पाणी क्षणभर थबकतं, तेव्हा गाळ जरा खाली बसतो. अशाच एका दिवशी मी एका धोंड्यासमोर चाळीस मिनिटं होते. त्यावर चिकटलेला, शेवाळासारखा दिसणारा एक तुकडा मी किमान दहा वेळा पाहिला असेन. मग त्याने जांभई दिली. तो फ्रॉगफिश होता, माझ्या मुठीएवढा. त्या धोंड्यावर तो माझ्या आधीपासून बसला होता आणि मी निघाले तेव्हाही तिथेच होता.