ठेच बोटाला लागते

श्रोतेहो, नमस्कार. ज्यांनी कधीकाळी टायपिंगचा क्लास केलाय त्यांनी जरा कान देऊन ऐका. बाकीच्यांनी चहा टाकता टाकता ऐकलं तरी चालेल.

१९९४ ची गोष्ट. दहावीचा निकाल लागायचा होता. वडिलांनी मला टायपिंगला घातलं. मिनिटाला ३० शब्दांची मराठीची परीक्षा काढ म्हणाले. क्लास सुटला की मी जिंतूरला तहसिलीसमोरच्या लिंबाखाली जायचो. तिथं एक टायपिस्ट काका बसत. लाकडी टेबल, त्यावर मशीन, कागदांवर दगड. लाईट असो नसो, त्यांचं काम चालूच.

मशीनवर श, भ, ध एका दाबात उमटत नसत. आधी अर्धं अक्षर, मग काना. रफार तर अक्षर मारून झाल्यावर, मागून. त्यात खाली दोन कार्बन. म्हणजे चूक एक, पण ब्लेडनं खरडायची तीन कागदांवर!

एकदा फेरफाराच्या अर्जासाठी एक शेतकरी मामा आले होते. काका त्यांच्या तोंडाकडं बघत विचारत होते, "तुमच्याकडं पेरण्या झाल्या का?" आणि खाली बोटं आपली टकटक टकटक चाललेली. मध्येच एक टक लंगडली. काका बोलायचे थांबले. "थांबा मामा, बोटाला ठेच लागली." मग त्यांनी कागदाकडं बघितलं. 'शेतकरी'तल्या श चा काना राहिला होता. आधी बोट अडखळलं, डोळा मागून गेला. मी चकित! काका म्हणाले, "काय बघायलास? बोटाला कळतं."

बोटाला कळतं. हेच अमेरिकेत व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या गॉर्डन लोगन आणि मॅथ्यू क्रम्प यांनी २०१० मध्ये प्रयोगानं दाखवलं. सराईत टायपिस्ट बसवले आणि संगणकाला लबाडी करायला लावली. टायपिस्ट चुकला की पडद्यावर कधीकधी शब्द बेमालूम दुरुस्त होऊन येई. बरोबर टाईप केलं तर कधी चूक घुसवलेली असे. विचारलं, तर माणसं पडद्यावर विश्वास ठेवत. घुसवलेली चूक आपलीच म्हणत, दुरुस्तीचं श्रेयही आपल्याकडंच घेत. बोटं मात्र फसली नाहीत. खरी चूक झाली की पुढची कळ दाबायला बोट क्षणभर उशीर करी, पडद्यावर काही का दिसेना. घुसवलेल्या चुकीला बोट अडतच नसे. पुन्हा सांगतो, माणूस फसला, बोट फसलं नाही.

म्हणजे मेंदूत दोन पहारेकरी. एक पडद्याकडं बघतो, दुसरा बोटांवर नजर ठेवतो, आणि या दुसऱ्याचा अहवाल आपल्यापर्यंत येतोच असं नाही. चूक झाल्यावर सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात मेंदूच्या पुढच्या बाजूला एक लहर उठते, तीही यंत्रानं टिपता येते.

आता मोबाईलवर दोन अंगठ्यांनी टाईप करणाऱ्या पोरांचं काय, ते मला विचारू नका. अर्धा शब्द आपण लिहायचा, अर्धा मोबाईलनं. मी 'येतो' लिहिलं की तो 'येतोय का' सुचवतो. पाहुण्यानं आपल्या घरात शिरून आपल्यालाच चहा विचारावा, तसं. असो.

काकांचं राहिलंच. पुढं मशीन गेलं, काका पुतण्याच्या झेरॉक्सच्या दुकानात संगणकावर बसू लागले. घाईत त्यांचा रफार पुढं सरके, 'अर्जदार'चं 'अजर्दार' होई. पुतण्यानं गुपचूप अशी सोय केली की चुकलेला शब्द आपोआप सुधारावा. महिनाभरानं मी गेलो तर काका खट्टू. "म्हातारपण आलं रे. चूक काही दिसत नाही, अन् बोट उगंच अडायलंय."

पुतण्या हसायला लागला, आणि फुटलं सगळं. काका चिडले नाहीत. म्हणाले, "काढ ते आधी. माझ्या बोटाला खोटं पाडायलंय."

त्यानं काढलं. काकांनी लगेच नवा अर्ज घेतला. टकटक टकटक, आणि बोट अडलं. त्यांनी चष्मा वर करून पडदा बघितला. 'अजर्दार'. खुर्ची माझ्याकडं फिरवून म्हणाले, "बघ, होतं की नाही?" आणि पुतण्याला त्यांनी चहा सांगायला पाठवलं.