जत्रेची रात्र: तळकोकणात येताना

तारकर्लीचा किनारा, मालवणचा किल्ला, माशांचं ताट आणि दहाला झोप. तळकोकणात आलेला पाहुणा एवढं करून परत जातो. पण कार्तिकी पौर्णिमेच्या सुमाराला इथल्या गावांत जत्रांचा हंगाम लागतो, आणि जत्रा असते रात्रीची. ती बघायची तर हॉटेल शोधण्याआधी कालनिर्णय उघडा.

बहुतेक जत्रा तिथीला बांधलेल्या, म्हणून तारीख आधीच काढता येते. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं. त्या दिवशी सकाळी तयारीत असा. आंगणेवाडीचं गणित वेगळं. भराडीदेवीच्या जत्रेला ठरलेली तिथी नाही, देवीचा कौल घेऊन दिवस ठरतो. तो जाहीर झाला रे झाला की चाकरमान्यांची तिकिटांवर झुंबड उडते. पहिल्यांदा येणाऱ्याने तिथे जाऊच नये, असं आमचं मत. सगळा वेळ रांगेत जातो. त्यापेक्षा लहानसं गाव गाठा.

मुंबईहून रात्रीची कोकणकन्या धरली की सकाळी कुडाळ किंवा सावंतवाडी. पुढे एसटी, नाहीतर रिक्षा. परतीचं मात्र जातानाच बोलून ठेवा, कारण पहाटे तीनला खेड्यात रिक्षा कुठून मिळणार? दिवस रिकामा असतो, तेवढ्यात वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीला जाऊन या. तिथल्या वेतोबाला नवसाच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. देव रात्री गावात फेरी मारतो, म्हणून त्या झिजतात, असं लोक सांगतात.

जत्रेत आधी ओट्या, मग पालखी. तोवर खाज्याच्या दुकानांपुढे उभं राहा. गुळाच्या पाकात घोळवलेलं खाजं, त्याला आल्याचा झणका. एक पुडी पुरत नाही.

आणि मग दशावतार, म्हणजे रात्रभर चालणारं इथलं लोकनाट्य. सुरू होण्याआधी रंगपटात, म्हणजे नट रंगतात तिथे, डोकावायला मिळालं तर सोडू नका, फक्त आधी विचारा. पिवळ्या बल्बखाली एक बाप्या हातातल्या आरशात बघत कुंकू रेखतोय, नऊवारीच्या निऱ्या स्वतःच चोपतोय. थोड्या वेळाने तीच द्रौपदी. पेटाऱ्यातल्या गणपतीला हात जोडायचे आणि बाहेर पडायचं. रंगमंचावर एक बाकडं: तेच सिंहासन, तोच पर्वत. काळ्या वेशातला संकासुर मालवणीत टोमणे मारून हसवतो, मग आख्यान लागतं. संवाद लिहिलेले नसतात. कथा ठरते, बोलणं जागेवर सुचतं, पेटी आणि मृदंग त्यामागे धावतात.

तिकीट नसतं. चादर घ्या, मार्गशीर्षात पहाटे गारठतं. फ्लॅश मारू नका. ‘येवा, हयसर बसा’ म्हणत कुणीतरी सरकून जागा देतंच. उजाडताना हंडी फुटते, दहीकाला वाटतात, आणि मंडळी पेटारा बांधायला घेतात. तेव्हाच जवळ जाऊन विचारा, ‘उद्या खंय?’ हंगामात त्यांची रोज नव्या गावात रात्र असते. पुढचा पत्ता तिथेच मिळेल.