मायक्रॉन मोजणारे घड्याळजी

श्रोतेहो, नमस्कार. जेगर-लकूल्त्र या स्विस घराण्याची मनगटी घड्याळे आज लाखो रुपयांना विकली जातात. या घराण्याचा आरंभ मात्र पिनियन नावाच्या, घड्याळाच्या पोटात बसणाऱ्या इवल्याशा दातेरी भागापासून झाला.

जुरा पर्वतातील जूच्या खोऱ्यात हिवाळा फार लांबतो. बर्फाने वाटा अडलेल्या दिवसांत तेथील शेतकरी कुटुंबे घरी बसून घड्याळांचे सुटे भाग करीत असत. याच खोऱ्यातील ल सांतिए गावी आंत्वान लकूल्त्र यांनी पिनियन कापण्याचे यंत्र स्वतः तयार केले आणि १८३३ मध्ये आपली कार्यशाळा थाटली. पिनियनचे दाते शेजारच्या चाकाच्या दात्यांत नेमके बसले नाहीत, तर घर्षण वाढते आणि घड्याळाची चाल बिघडते. दाते अचूक कापायचे, तर आधी ते तितकेच अचूक मोजता यायला हवेत. म्हणून १८४४ मध्ये त्यांनी ‘मिलियोनोमीटर’ हे उपकरण घडवले, ज्यावर मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, मोजता येत असे. या घराण्याच्या पुढील सगळ्या कीर्तीचे मूळ मला या मोजमापात दिसते.

घड्याळाला वेगळ्या किल्लीने चावी देण्याचा तो काळ होता. ती किल्ली अनावश्यक ठरवणारी रचना आंत्वान यांनी १८४७ मध्ये केली. पुढे १८६६ मध्ये त्यांचे पुत्र एली यांनी खोऱ्यात घरोघरी विखुरलेले कसब एका छताखाली आणले.

१९०३ मध्ये फ्रेंच नौदलाचे घड्याळजी एदमों जेगर यांनी आपण आखलेली, घड्याळाच्या आत बसणारी अतिशय पातळ यंत्रे बनवून दाखवा, असे आव्हान स्विस कारखानदारांना दिले. आंत्वान यांचे नातू जाक-दाविद यांनी ते स्वीकारले, आणि १९०७ मध्ये अवघे १.३८ मिलिमीटर जाडीचे यंत्र सिद्ध झाले. एवढ्याशा जाडीत चाके, स्प्रिंग आणि घड्याळाची लय राखणारे तोलचक्र बसवायचे, तर मायक्रॉनचा हिशेब चुकवून चालणारच नव्हते.

आपल्या देशाचा संबंध येतो तो याच घराण्याच्या ‘रिव्हर्सो’ या घड्याळामुळे. भारतात पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटत असत. त्यावर उपाय म्हणून १९३१ मध्ये फ्रेंच अभियंता आल्फ्रेद शोवो यांच्या रचनेला पेटंट मिळवण्यात आले: घड्याळ कडेला सरकवून उलटे केले की काच आत लपते आणि धातूची पाठ बाहेर येते. लकूल्त्र आणि जेगर ही दोन्ही नावे जोडलेली आजची मुद्रा १९३७ पासून तबकडीवर आली.