एचबी कमी आलंय? त्याच कागदावरचा एमसीव्ही वाचलात का?

नमस्कार मंडळी. आपल्या सोलापुरात रिपोर्टवर एचबी, म्हणजे हिमोग्लोबिन, ९.८ दिसलं की माणूस घरी जाताना डाळिंबं घेतो. सांगोल्याचं डाळिंब जरूर खा. पण दाणे लाल आहेत म्हणून त्यात लोह भरपूर आहे, असं नाही. शंभर ग्रॅम दाण्यांत अर्धा मिलिग्रॅमसुद्धा लोह नसतं. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला जी लाल गोळी देतात, तिच्यात ६० मिलिग्रॅम असतं!

पुरुषाचं एचबी १३ च्या खाली, बाईचं १२ च्या खाली, गरोदरपणात साधारण ११ च्या खाली गेलं, की रक्त कमी आहे असं धरतात. सात-आठवर आलं असेल किंवा जिना चढताना धाप लागत असेल, तर हा व्हिडिओ बंद करा आणि आजच दवाखाना गाठा.

पण रक्त कमी का झालं, हे एचबी सांगत नाही. त्यासाठी त्याच सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीच्या, कागदावर एमसीव्ही शोधा. तो तांबड्या पेशींचा आकार. ८० च्या खाली असेल तर पेशी लहान आहेत, आणि बहुतेक वेळा लोह कमी पडलेलं असतं. बहुतेक वेळा म्हणतोय, कारण थॅलेसेमिया मायनर या आईबापांकडून येणाऱ्या रक्तदोषातही असंच दिसतं, आणि तिथे लोहाच्या गोळ्यांनी काही होत नाही. म्हणून डॉक्टरांना फेरिटिनबद्दल विचारा, साठ्यातलं लोह त्यातून कळतं. एमसीव्ही १०० च्या वर असेल तर बी१२ किंवा फॉलिक अॅसिडकडे बघायचं. शाकाहारी घरांत बी१२ हमखास तपासा.

आता चहा. विड्या वळणाऱ्या माझ्या ताया दिवसभर बसून असतात, भाकरी खाल्ली की लगेच चहा. ज्वारीतलं लोह मुळातच अंगी कमी लागतं, वरचा चहा त्यातलंही अडवतो. जेवण आणि चहात तासभर तरी जाऊ द्या. भाजीवर लिंबू पिळा.

लोहाच्या गोळीने शौच काळी होते, घाबरू नका. आणि एचबी वाढलं म्हणून गोळी सोडू नका. साठा भरायला पुढे साधारण तीन महिने लागतात.

पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं लोह कमी निघालं, तर नुसतं टॉनिक घेऊन थांबू नका. मूळव्याध, पोटातला अल्सर, आतड्यातली गाठ, कुठून तरी रक्त जात असू शकतं. ते कुठून जातंय, हे डॉक्टरांकडून शोधून घ्या.