रत्नागिरी ते चिपी विमानाने ३९ मिनिटं? हा आकडा येतो कुठून

नमस्कार मंडळी! नेटवर कुठलेही दोन एअरपोर्ट टाका, कुठलीतरी साइट लगेच अंतर आणि फ्लाइट टाइम काढून देते. मग ती फ्लाइट असो वा नसो, साइटला काय त्याचं!

आज आपण आपल्याच किनाऱ्यावरचे दोन घेऊया. एक चिपी, म्हणजे सिंधुदुर्गचं विमानतळ, परुळ्याजवळ, ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेलं, अडीच किमीचा रनवे. दुसरं रत्नागिरीचं, मिरजोळ्याला, जिथे कोस्ट गार्डचा तळ आहे. या दोघांमध्ये थेट प्रवासी विमान नाही, पण हिशोब करायला कोण अडवतंय.

सरळ रेषेत अंतर साधारण ११५ किमी. गाडीने गेलात तर हातखंबा, राजापूर, कणकवली, कुडाळ आणि मग आत वळायचं, दीडशेच्या वर जातं आणि घाटवळणं, खाड्या, डायव्हर्जन धरून साडेतीन-चार तास सहज. बऱ्याच साइट काय करतात, ताशी ८०० किमीचा स्पीड धरतात आणि टेकऑफ-लँडिंगसाठी वर अर्धा तास टाकतात. ११५ भागिले ८०० म्हणजे जेमतेम ९ मिनिटं, अधिक ३०, झाली ३९. उत्तर तसं फार चुकीचं नाही, गंमत म्हणजे कारण मात्र चुकीचं आहे, कारण एवढ्याशा अंतरात ८०० चा स्पीड कुठलं विमान गाठणार?

इथे उडलं तर एटीआरसारखं पंख्याचं विमान उडेल. त्याचा वरचा स्पीड ताशी ५०० च्या आसपास. आता समजा ते १० हजार फुटांवर गेलं. उतरताना साधारण ३ अंशांचा उतार धरतात, म्हणजे दर हजार फुटांना साडेपाच किमी लागतात, म्हणजे १० हजार फूट उतरायलाच ५५ किमी. अर्धा रस्ता नुसता उतरण्यात! उरलेल्या अर्ध्यातला बराचसा चढण्यात जातो, मग तो ५०० चा स्पीड वापरायचा कधी? म्हणून पायलट बहुतेक १० हजार फुटांहूनही खाली राहील. त्यात चिपीचा रनवे पूर्व-पश्चिम, विमान येणार उत्तरेकडून, म्हणजे वळून रनवेच्या रेषेत यायला आणखी काही मिनिटं. हवेत वीसेक मिनिटं, जमिनीवर विमान रनवेपर्यंत नेणं-आणणं धरून पस्तीस-चाळीस, आणि पावसाळ्यात ढग सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, टेकले की हा हिशोबच बाजूला ठेवा.

मग छोट्या अंतराची विमानं चालतच नाहीत का? चालतात की! स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे फक्त २.७ किमी, विमान दोन मिनिटांच्या आत पोचतं, रेकॉर्ड तर ५३ सेकंदांचं आहे. पण ते चिमुकलं आयलँडर विमान, आठेक प्रवासी, उंची घ्यायची भानगडच नाही, आणि मध्ये समुद्र. पूल नाही म्हणून विमान आहे.

आपल्याकडे मध्ये समुद्र नाही, कोकण रेल्वे आहे. रत्नागिरीच्या माणसाला चिपीहून विमान पकडायचंच असेल तर ट्रेनने कुडाळला उतरा, पुढे पंचवीसेक किमी रिक्षा किंवा गाडी. फक्त भाडं बसायच्या आधी ठरवा हां!